भागिले सात

चारोटी नाक्यावर नविनभाईंचं हॉटेल आहे. त्याच्या मागच्या पटांगणात एरवी ट्रकवाले आंघोळी उरकतात. त्या रविवारी सकाळी मात्र तिथे मुंगीला शिरायला जागा नव्हती. तलासरीकडून जीप भरभरून माणसं आली होती, वरोरहून कोळणी आल्या होत्या, डहाणूतली पगारी मंडळी आपापल्या गाड्या सावलीत लावून रांगेत उभी होती. आणि कुठल्याही दरबारात मी आजवर पाहिली नव्हती अशी एक गोष्ट तिथे होती. कुणाच्या हातात नारळ नव्हता, सगळ्यांच्या हातात मोबाईल होते.

मंडपावर कापडी फलक होता, ‘साती बहिणींचा दरबार’. त्याखाली झेंडूच्या फुलांनी एक आकडा काढला होता: १४२८५७.

आकड्याखाली महाराज बसले होते. जटा नाहीत, भस्म नाही, कफनी नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, शेजारी शाळेत असतो तसा पांढरा फळा. हा सुधारलेला बुवा होता. लोक त्याला अंकमहाराज म्हणत.

“मी कुणाला अंगारा देत नाही,” महाराज माईकवर सांगत होते. “मी कुणाच्या अंगातलं काढत नाही. मोबाईल कंपनीचा. आकडा सरकारचा. बोट तुमचं. मग मी कोण? मी नुसता बसलोय. आपापल्या आधार कार्डाचे शेवटचे चार आकडे मारा. मारलेत? आता भागिले सात. बहिणी सात, म्हणून सात. टिंबाच्या पुढे काय आलं ते मोठ्याने वाचा.”

“एक चार दोन आठ पाच सात,” कुणीतरी ओरडलं.

“दोन आठ पाच सात एक चार,” दुसरीकडून आवाज आला.

“माझं आठापासून सुरू होतंय,” तिसरा म्हणाला.

महाराजांनी फुलांच्या आकड्याकडे बोट केलं. “नीट बघा. आकडे तेच, क्रम तोच. नुसती सुरुवात वेगळी. एकाने सुरू झालं तर तुम्हाला थोरलीने धरलंय. दोनाने दुसरी. चाराने तिसरी. पाचाने चौथी, ती तांबडी. साताने पाचवी, आठाने सहावी. आणि टिंबच आलं नाही, भागाकार सरळ सुटला, तर तुम्ही धाकटीचे लाडके. तिने कुणाला धरलं असं होत नाही.”

मग त्यांनी फळ्यावर त्या आकड्याला दोनाने गुणलं, तिनाने गुणलं, थेट सहापर्यंत गेले. दर वेळी तेच सहा आकडे गोल फिरून परत आले. शेवटी साताने गुणल्यावर सगळे नऊ आले, नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव. “साती बहिणी एकत्र आल्या की नवरात्र होते,” महाराज म्हणाले, आणि लोकांनी हात जोडले. माझ्या पुढे एक साहेब होते, कुठल्या तरी सरकारी खात्यातले. ते बायकोला म्हणाले, “अगं, मी स्वतः कॅल्क्युलेटरवर केलं. यात फसवाफसवीला जागाच नाही.” शिकलेला माणूस स्वतःच्या बोटाने फसला की त्याला बाहेर काढणं फार कठीण जातं.

माझं तिथे स्वतःचं काही अडलं नव्हतं. मी सायवनकडच्या पाड्यांवर फिरणारी नर्स. बुवा-महाराज म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या डहाणूतल्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझी एक पेशंट या दरबाराने माझ्या हातून काढून घेतली होती.

तिचं नाव निलम. बारावी झालेली, हसरी पोर. तिला क्षयरोग झाला होता. रोजच्या गोळ्या सुरू केल्यावर खोकला कमी झाला, ताप गेला, गालही जरा भरले. मग एकदा मी पाड्यावर गेले तर गोळ्यांची पाकिटं कोनाड्यात जशीच्या तशी पडलेली, आणि पोरगी भिंतीला टेकून धापा टाकत बसलेली. तिची आई पुतळी चिकूच्या वाडीत मजुरीला जाते. ती दारातच उभी राहिली.

“गोळ्या बंद केल्यात, बाई,” ती म्हणाली. “तिला तांबडीने धरलंय. तांबडीला तांबडं चालत नाय.”

“कोण तांबडी?”

“चौथी बहीण. चारोटीला मोबाईलवर निघाली. महाराज बोलला, तांबडं सगळं वर्ज्य. आम्ही मिरची बंद केली, तिची तांबडी ओढणी देऊन टाकली. मंग माझ्या ध्यानात आलं, ह्या गोळ्या पण तांबड्या. आणि त्या घ्यायला लागल्यापासून पोरीची लघवी तांबडी होत होती. रगत जात होतं तिचं. गोळ्या थांबवल्या तशी साफ झाली.”

“ते रक्त नव्हतं,” मी आवाज चढवून म्हटलं. “औषधाचा रंग उतरतो तो. सगळ्यांचाच उतरतो.”

पुतळी माझ्याकडे नुसतं बघत राहिली. मला वाटलं, हिच्या डोक्यात शिरत नाही. मी आणखी चार शब्द सुनावले आणि निघाले. ‘अर्धवट सोडलेला क्षयरोग दुप्पट होऊन उलटतो’ हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की ते आता माझ्या तोंडून आपोआप निघतं. त्या दिवशी ते बोलताना मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण निलमच्या छातीचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता.

म्हणून मी रविवारी चारोटीला गेले होते. युक्ती पकडायची आणि पुतळीला दाखवायची, एवढाच विचार होता. पण मला काही सापडेना. मी माझे स्वतःचे आकडे मारले, टिंबापुढे तोच आकडा. माझा जन्म झाला ते साल मारलं, तरी तोच. मी मुकाट्याने इको गाडीत बसून घरी आले. चिडायला काही हाती लागलं नाही की मी जास्त चिडते.

दुपारी जेवताना मी हे सगळं आमच्या ह्यांना सांगितलं. सूर्यकांत माझे यजमान. डहाणूच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. कमी बोलणारा माणूस. मी पेपरच्या कडेला तो आकडा लिहून त्यांच्यापुढे सरकवला. बोंबलाच्या कालवणात बुडवलेला भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला.

“बहिणी कशा ओळखतो तो?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. थोरली एकाने, दुसरी दोनाने, तिसरी चाराने.

“बाकी,” ते म्हणाले. “साताने भागून एक उरला तर थोरली. दोन उरले तर दुसरी. तीन उरले की टिंबापुढे चार येतात, ती तिसरी. त्याने एकेका बाकीची एकेक बहीण केली आहे. हुशार आहे.” आणि मग, “नाव काय त्याचं?”

“अंकमहाराज. नविनभाई सांगत होते, मूळचा रूपेश. नाक्यावर मोबाईल दुरुस्त करायचा.”

त्यांनी तुकडा ताटात ठेवला आणि ताट बाजूला केलं.

“काय झालं?”

“माझा विद्यार्थी,” ते म्हणाले. “हा आकडा मीच दाखवला त्याला. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला पोरांचं लक्ष नसायचं. मग मी हा आकडा फळ्यावर लिहायचो, दोनाने गुणा, तिनाने गुणा, वर्ग टाळ्या वाजवायचा. मलाही बरं वाटायचं. एकदा रूपेश मागच्या बाकावरून उठला. म्हणाला, सर, असं का होतं? घंटा व्हायच्या बेतात होती. मी म्हटलं, ही गंमत आहे, परीक्षेला येणार नाही, खाली बस.”

“तुम्हाला कारण ठाऊक होतं?”

“होतं.”

“अवघड आहे?”

“भागाकार येणाऱ्या कुठल्याही पोराला कळेल इतकं सोपं आहे.”

माझ्या जिभेला हाड नाही. “म्हणजे हा महाराज तुम्हीच घडवलात,” मी म्हटलं. “पोराने कारण मागितलं, तुम्ही गप्प बसवलंत. आता तो गावाला गप्प बसवतोय. आणि किंमत माझी निलम मोजतेय.”

ते ताट उचलून मोरीकडे गेले. उलटून बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं. तो आठवडाभर ते घरात वावरत होते ते एखाद्या परक्याच्या घरात वावरावं तसे. चहा पुढे ठेवला तर निवून जायचा. एकदा मी त्यांना हिशेबाच्या कागदावर भागाकार करताना पाहिलं, एक भागिले सात, पुन्हा एक भागिले सात. निवृत्त गणित शिक्षकाला ते तोंडपाठ असणार. ते गणित सोडवत नव्हते, ते कसं सांगायचं याची तालीम करत होते. मला त्यांची दया आली, पण मी बोललेलं परत घेतलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं चारोटीला गेलो. गर्दी आणखी वाढली होती. आम्ही मंडपात शिरतो न शिरतो तोच महाराजांची नजर ह्यांच्यावर पडली. मला वाटलं, आता हा पळणार. उलट तो माईक टाकून धावत आला आणि सगळ्यांदेखत ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“मंडळी,” तो उठून म्हणाला, त्याचे डोळे खरोखर भरले होते, “साती बहिणींचा आकडा मला पहिल्यांदा ज्यांनी दाखवला ते हे माझे गुरुजी. मी आज जो काही आहे तो ह्यांच्यामुळे.”

झालं. पटांगणात एकच हलकल्लोळ उडाला. नविनभाई झेंडूचा हार घेऊन पुढे आले. “आवो सर, आवो, अमारा भाग्य,” म्हणत त्यांनी तो ह्यांच्या गळ्यात घातला. बाया वाकून नमस्कार करू लागल्या. युक्ती उघडी पाडायला आलेला माणूस डोळ्यांदेखत महाराजांचा महागुरू झाला. ते हार घालून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की भर चौकात कुणी तोंडाला काळं फासलं असतं तरी त्यांना ते सोसवलं असतं.

मग त्यांनी हार काढला, टेबलावर ठेवला आणि फळ्याजवळ गेले.

“तो खरं बोलतोय,” ते म्हणाले. आवाज वर्गातला होता, माईकची गरज नव्हती. “आकडा मीच दाखवला. म्हणून मला थोडा वेळ द्या. सगळ्यांनी मोबाईल काढा. पण आज आधार नको. ही खुर्ची आहे,” त्यांनी महाराजांची लाल प्लॅस्टिकची खुर्ची पुढे ओढली, “हिला पाय किती?”

“चार,” लोक म्हणाले. काहीजण हसले.

“चार भागिले सात करा.”

मंडपभर बोटं चालली. मग एक बाई हळूच म्हणाली, “पाच सात एक चार दोन आठ.”

“पाचाने सुरू, म्हणजे कोण?”

“तांबडी.”

“म्हणजे ह्या खुर्चीला तांबडीने धरलंय. तांबडीला तांबडं वर्ज्य, आणि खुर्ची तर स्वतःच लाल. आता हिने काय करावं?”

हसू फुटलं, पण बिचकत. मागून कुणीतरी म्हणालं, “देवाची चेष्टा नको, मास्तर.”

“चेष्टा नाही. तपासणी आहे. रस्त्याकडे बघा. जो ट्रक जाईल त्याचे चार आकडे वाचा आणि भागा.”

मुंबई–अहमदाबाद रस्त्याला ट्रकांचा काय तोटा. गुजरातचा एक गेला, चव्वेचाळीस एकाहत्तर. “सात एक चार दोन आठ पाच,” लोकांनी एका सुरात वाचलं. पाचवी बहीण. महाराष्ट्राचा गेला, नव्वद वीस. पुन्हा तांबडी. मग लोकांना चेवच आला. ट्रक, टेम्पो, एसटी, नविनभाईंची स्कूटर, जे दिसेल ते साताने भागलं जाऊ लागलं. दुधाचा एक टँकर आला, त्रेसष्ट शून्य सात, तो टिंबाशिवाय सुटला. “ह्याच्यावर धाकटीची किरपा,” एक कोळीण म्हणाली, आणि या वेळी हसताना कुणी बिचकलं नाही.

अंकमहाराज उभे होते तिथेच होते. “गुरुजी,” ते म्हणाले, “देवी चराचरात आहे. ट्रकमध्येही आहे. यात तिचा महिमा वाढला की कमी झाला?”

हा प्रश्न मला सुचला नसता आणि त्याचं उत्तरही सुचलं नसतं. मंडपात पुन्हा कुजबुज सुरू झाली.

“बरोबर विचारलंस,” हे म्हणाले. “ट्रक दाखवून नुसती गंमत होते. गंमत मी पूर्वीही दाखवली आहे. आज कारण सांगतो. नविनभाई, एक चिकू द्या.”

चिकू आला. ह्यांनी तो वर धरला. “सात माणसांत हा एक चिकू वाटायचा. अख्खा कुणालाच देता येत नाही, म्हणून दहा फोडी केल्या. सात जणांना एकेक दिली. उरल्या?”

“तीन.”

“एकेक दिली, म्हणून टिंबापुढे एक. आता उरलेल्या तीन फोडींचे दहा-दहा तुकडे करा. तीस. प्रत्येकाला चार. उरले दोन. टिंबापुढे चार आला. दोनाचे वीस, प्रत्येकाला दोन, उरले सहा.” ते फळ्यावर लिहीत चालले होते. “सहाचे साठ, प्रत्येकाला आठ, उरले चार. चाराचे चाळीस, प्रत्येकाला पाच, उरले पाच. पाचाचे पन्नास, प्रत्येकाला सात. उरला?”

“एक,” पुढे बसलेल्या बायका म्हणाल्या.

“मास्तर, चिकूचा पार भुगा झाला,” एक म्हातारी म्हणाली.

“झाला खरा. पण काय झालं बघा. आपण एकापासून निघालो आणि फिरून एकावर आलो. आता पुढे जे होईल ते पहिल्यासारखंच होईल. एक, चार, दोन, आठ, पाच, सात, पुन्हा एक. दुसरं काही होऊच शकत नाही. सात माणसांत वाटताना उरणार किती? सात उरले तर अजून एकेक देता येईल. म्हणजे सहाच्या वर काही उरत नाही. एक, तीन, दोन, सहा, चार, पाच, एवढ्याच बाक्या, आणि त्या सगळ्या या एका फेऱ्यात आहेत. महालक्ष्मीच्या जत्रेतला पाळणा असतो ना, तसं. कुठल्याही खुर्चीत बसा, गोल तोच. तुमचा आधार नंबर, ट्रकचा नंबर, खुर्चीचे पाय, ह्यांनी फक्त एवढंच ठरतं की तुम्ही कुठल्या खुर्चीत बसलात.”

त्यांनी फळा पुसला. “तेराने भागा, दुसरे आकडे फिरताना दिसतील. तिनाने भागा, नुसते तीन तीन किंवा सहा सहा. त्यांची देवळं कुणी बांधत नाही. सात माणसांत वाटायला घेतलं की हा आकडा येतो. तो तुमच्याबद्दल काही सांगत नाही. तुमच्या तापाबद्दल नाही, तुमच्या पोराबाळांबद्दल नाही. तो फक्त साताबद्दल सांगतो.”

नविनभाई चहाची किटली घेऊन मघापासून उभे होते. “पण सर, महाराजांमुळे माझा गुडघा बरा झाला ते?”

“आनंद आहे. पण तो आकड्याने बरा झाला असेल तर ज्याचा बरा झाला नाही त्यालाही हाच आकडा आला होता. त्याला विचारा.”

रांगेत एक लंगडणारा माणूस होता. सगळे त्याच्याकडे वळून बघू लागले. त्याने मोबाईल खिशात ठेवला आणि रांगेतून बाहेर पडला. मग आणखी काहीजण निघाले. सगळे नाही. ते साहेब आणि त्यांची बायको बसूनच होती. बायको म्हणत होती, “ते ठीक आहे, पण सातच का?” सगळ्यांचे डोळे एका दुपारी उघडत नाहीत.

मंडप सैल झाल्यावर रूपेश आमच्याजवळ आला. माईकशिवाय त्याचा आवाज अगदी साधा होता.

“सर, मला एवढं कारण खरंच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, काहीतरी असेलच त्या आकड्यात. नाहीतर तुम्ही का दाखवला असता?”

“सायवनच्या एका मुलीने क्षयाच्या गोळ्या सोडल्या,” मी मध्येच म्हटलं. “तुझ्या तांबडीपायी.”

त्याचा चेहरा उतरला. “मी गोळ्या बंद करा असं कधीच म्हटलं नाही, बाई. कुणालाच नाही. मी फक्त तांबडं वर्ज्य म्हटलं. आकड्याबरोबर काहीतरी सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.”

मी त्याला फाडून खाणार होते. पण ह्यांनी माझ्या हाताला धरलं.

“मीही हा देव आहे असं कधीच म्हटलं नाही,” ते रूपेशला म्हणाले. “मी फक्त आकडा दाखवला. आपण दोघांनीही तेवढंच केलं. फलक उतरव, रूपेश. आणि ज्यांना ज्यांना वर्ज्य सांगितलंस त्यांच्या घरी स्वतः जाऊन सांग. मी आज माझ्या वाटणीच्या घरी चाललोय.”

त्याच दुपारी आम्ही सायवनला पाड्यावर गेलो. निलम खाटेवर होती. उठून बसायचा प्रयत्न केला तर खोकल्याने तिला पुन्हा आडवं केलं. पुतळीने ह्यांच्यासाठी खाट झटकली, पण हे जमिनीवर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. निलमने स्वतःच्या मोबाईलवर अंगणातल्या कोंबड्या साताने भागल्या, गावच्या पिनकोडाला भागलं. मग तिने कागद मागितला आणि आडवी पडूनच भागाकार केला. बाकी फिरून एकावर आली तेव्हा ती आईला म्हणाली, “आये, हे असंच येणार. मला कुणी धरलेलं नाय.”

“म्हणजे तांबडी नाय?” पुतळीने ह्यांना विचारलं.

“नाही. आणि हा आकडा रूपेशला मीच दाखवला होता, कारण न सांगता. म्हणून मी माफी मागायला आलोय.”

मला मनातून बरं वाटलं. जे व्हायला हवं होतं ते झालं, ज्याने बोलायला हवं होतं तो बोलला. मी पिशवीतून गोळ्या काढल्या. पुतळीने त्या हातात घेतल्या नाहीत. ती ह्यांच्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

“बाई,” ती म्हणाली, “महाराजाचा आकडा कळला. तो खोटा, ते कळलं. पण पोरीची लघवी खरंच तांबडी होत होती. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तसं होणार हे तुम्हांला पहिल्यापासून माहीत होतं?”

“हो,” मी म्हटलं.

“मंग गोळ्या दिल्या त्या दिवशी का नाय सांगितलं? तुम्ही बोललात, रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाय. एवढंच बोललात. मी माझ्या पोरीचं रगत जाताना बघत होते. कुणाला विचारू? तुम्ही तर विचारलं की ओरडता.”

ह्यांनी मान वर केली नाही. त्या घरात मला बोल लावू शकेल असा तोच एक माणूस होता, आणि तो एक शब्दही बोलला नाही.

एका वाक्याचं काम होतं. ‘लघवीला लालसर रंग येईल, घाबरू नका, ते औषध आहे.’ मला ते माझ्या नावासारखं पाठ होतं. त्या दिवशी पाड्यावर आणखी घरं करायची होती, ऊन होतं, परतीची गाडी चुकली असती. मी घाईत होते. आठवडाभर मी नवऱ्याला ज्या गोष्टीसाठी टोचून टोचून हैराण केलं तीच मी केली होती, आणि तीही एका आजारी पोरीच्या आईशी. अंकमहाराजाला तांबडी सुचली ती पुढची गोष्ट. तिला बसायला पाट मीच मांडून ठेवला होता.

“चुकलं माझं, पुतळीबाई,” मी म्हटलं. त्याआधी मी तिला कधी बाई म्हटल्याचं मला आठवत नाही.

तिने गोळ्या घेतल्या. पण मधल्या खंडाने आपलं काम केलं होतं. पुन्हा तपासलं तर साध्या गोळ्यांना रोग दाद देईना. मोठं औषध सुरू करावं लागलं, जोडीला कित्येक महिने इंजेक्शनं. निलम वाचली. आता ती डहाणूत एका दुकानात कामाला आहे, लग्न ठरतंय. त्या इंजेक्शनांनी तिच्या कानांवर परिणाम केला. मागून हाक मारली तर तिला ऐकू येत नाही, समोर जाऊन बोलावं लागतं. मी बाजारात तिला लांबून पाहते तेव्हा दर वेळी तिच्या समोर जाऊन उभी राहते. ती हसते. मला तेवढं सहज हसता येत नाही.

महाराजांवर हसणं सोपं आहे. मीही जन्मभर हसत आले. पण वाचकहो, मला आता असं वाटतं की बुवा आधी येत नाही. आधी कुणीतरी का म्हणून विचारतं, आणि ज्याला ठाऊक असतं तो म्हणतो, खाली बस. ती जागा रिकामी राहते, मग तिथे जो येऊन बसतो त्याला आपण महाराज म्हणतो. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी कारण विचारा. ट्रकचा नंबर घालून बघा, खुर्चीचे पाय घालून बघा. आणि तुम्ही शिक्षक असाल, डॉक्टर असाल, माझ्यासारख्या घाईतल्या नर्स असाल, तर कुणी विचारायची वाट बघू नका. ठाऊक असलेलं कारण त्याच दिवशी, त्याच दारात सांगा, गाडी चुकली तरी चालेल.